शेवटच्या डब्यातली हवा

सावळघाट विभागाच्या मासिक आढावा बैठकीत त्या दिवशी टाळ्या वाजल्या. एरवी रेल्वे पोलिसांच्या या बैठकीत अधिकारी मान खाली घालून बसत आणि आपल्या ठाण्याचं नाव लवकर निघू नये एवढीच प्रत्येकाची इच्छा असे. पण सहायक निरीक्षक प्रमिला खोब्रागडेनं पडद्यावर घाटातल्या गाड्यांचा आलेख आणला आणि ती रेघ महिन्यामागून महिने उतरत गेलेली सगळ्यांनी पाहिली, तेव्हा अधीक्षकांनी स्वतःच टाळी वाजवायला सुरुवात केली.

“मानकर, उभे राहा जरा. लोकांना तोंड दिसू द्या,” ते म्हणाले.

निरीक्षक दिगंबर मानकर उभे राहिले. शिडशिडीत अंगाचा, हळू आवाजात बोलणारा माणूस. त्यांना रागावलेलं कोणी पाहिलं नव्हतं. त्यांच्या मागच्या रांगेत त्यांचं घाट पथक बसलं होतं: हवालदार नागोसे, शिपाई झाडे आणि शिपाई सुमेध खोब्रागडे. सुमेध हा प्रमिलाचा धाकटा भाऊ. त्याच्याकडे बघून ती हलकंसं हसली. त्यानं नजर वळवली. सगळ्यांसमोर लाजला असेल, असं तिला वाटलं.

पडद्यावरची ती रेघ प्रवाशांच्या भीतीची होती.

काही वर्षांपूर्वीपर्यंत रेल्वे पोलिसांचं काम गुन्ह्यांच्या आकड्यांवर जोखलं जाई, आणि गुन्हे कमी दाखवायचा सोपा उपाय प्रत्येक ठाणेदाराला ठाऊक होता. फिर्याद घ्यायचीच नाही. पाकीट मारलं तर ‘सामान गहाळ’, चाकू बसला तर ‘दाराचा पत्रा लागला’. मग एका संध्याकाळी घाटाच्या गाडीत एका नर्सच्या पोटात कुणीतरी सुरा घातला. तिला फलाटावर उतरवलं, आणि वार बोगद्याच्या अलीकडे झाला की पलीकडे, म्हणजे गुन्हा कुठल्या ठाण्याच्या हद्दीतला, यावर दोन ठाण्यांची माणसं वाद घालत बसली. नर्स त्यांच्या पायांशी रक्ताच्या थारोळ्यात पडली होती. वाद मिटला तेव्हा ती गेलेली होती. ते चित्रीकरण साऱ्या राज्यानं पाहिलं. त्यानंतर जी समिती बसली, तिनं ठरवलं की पोलिसांचं काम पोलिसांच्याच कागदावरून मोजायचं नाही.

मोजायचं कशावरून, ते पुण्याच्या प्रयोगशाळेतून आलेल्या डॉ. तहमीना काझींनी समजावून सांगितलं. हातात मावेल एवढी एक पांढरी पेटी घेऊन त्या प्रमिलाच्या कार्यालयात आल्या होत्या.

“माणूस घाबरला की त्याचे स्नायू आखडतात,” त्या म्हणाल्या. “जागेवरून न हलतासुद्धा. स्नायूंमध्ये आयसोप्रीन नावाचा एक वायू साठलेला असतो. आखडले की तो रक्तात येतो, रक्तातून फुप्फुसात, आणि श्वासाबरोबर बाहेर. घाबरलेला माणूस ओरडणं थांबवू शकतो, चेहरा कोरा ठेवू शकतो. हे त्याला थांबवता येत नाही.”

“पण डब्यात शंभर माणसं असतात, मॅडम. मग आकडा मोठा येणारच.”

“म्हणून पेटी कार्बन डायऑक्साइडही मोजते. तो किती वेगानं वाढतो यावरून श्वास घेणारी माणसं किती ते कळतं. एकाला दुसऱ्यानं भागलं की माणशी भीती मिळते.”

त्या आकड्याला कुणीतरी ‘भयांक’ म्हटलं आणि तेच नाव पडलं. प्रत्येक डब्याच्या छताला पेटी बसली. आढावा कक्ष प्रमिलाकडे आला. कुठल्या गाडीत, कुठल्या बोगद्यापाशी माणसं घाबरतात हे तिला टेबलावर बसून दिसू लागलं आणि ठाणेदारांची पळापळ सुरू झाली. सगळ्यांत वाईट घाट होता. तिथे मानकरांना आणलं, आणि खरोखर भीती उतरली. घाटातून बायका आता दागिने घालून जात, म्हातारी माणसं बोगद्यातसुद्धा झोपून राहत. मानकरांच्या यशात खोट नव्हती, हे प्रमिलानं स्वतः मोजलं होतं.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सुमेध तिच्या क्वार्टरवर जेवायला आला. आई गेली तेव्हा तो शाळेत होता. तेव्हापासून प्रमिलानंच त्याला वाढवलं, पहाटे मैदानावर पळवून भरतीला उभं केलं. त्याच्या उजव्या हाताची बोटं सुजली होती. भाकरी मोडता येईना.

“हे काय झालं?”

“दारात सापडला हात.”

“कुठल्या दारात?”

“ताई, जेवू दे न. काय विचारून राहिली सारखी.”

पण तो जेवला नाही. ताट तसंच ठेवून गच्चीवर जाऊन बसला. ती मागोमाग गेली तर म्हणाला, “मला दुसऱ्या ठाण्यात टाकता येईल का?” तिनं विचारलं, मानकर त्रास देतात का. तो नाही म्हणाला. “ते फार चांगलं वागतात,” तो म्हणाला आणि निघून गेला. आपल्या पथकाचं नाव होत असताना हा पोरगा असं का म्हणतो, याचा प्रमिलाला थोडा रागच आला.

त्याच आठवड्यात शेवंता काळे आली. पंचविशीची पारधी बाई. तिचा नवरा लखन घाटाच्या गाड्यांमध्ये कंगवे आणि मोबाइलची कव्हरं विकायचा. ती सावळघाटच्या ठाण्यात गेली तर तिला हाकलून दिलं, घाटापलीकडच्या पिंपळदऱ्याच्या ठाण्यात गेली तर दंडुका मारला. कपाळावरची जखम अजून ओली होती. आढावा कक्ष म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं. पोलिसांच्या वरचे पोलीस इथे बसतात, एवढं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

“माझ्या मालकाला घाट पथकानं धरलं, बाई. सावळघाटच्या फलाटावर, माझ्या डोळ्यांदेखत. शेवटच्या डब्यात चढवला.”

“मग पिंपळदऱ्याला उतरवलं असेल. तिथल्या कोठडीत...”

“न्हाई उतरवला. माझी जाऊ तिथं फलाटावर बसती फुलं विकत. तिनं चौघं उतरताना बघितले. चौघं पोलीस. माझा माणूस चढला आन् उतरला न्हाई. मधे गाडी थांबत न्हाई. मग गेला कुठं?”

प्रमिलानं तिला पाणी दिलं, बाकावर बसवलं आणि त्या दिवसाच्या गाडीची नोंद उघडली. भयांक उत्तम होता. अठरा डब्यांत कुठेही खळबळ नाही. ती स्क्रीन बंद करणार होती, तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की पेट्या एकोणीस होत्या.

एकोणिसावा डबा शेवटचा, गार्डाचा. त्याच्या अर्ध्या भागात पार्सलं असतात. दहापेक्षा कमी माणसं असलेला डबा सरासरीत धरायचा नाही, असा नियम होता. रिकाम्या डब्यातली एखादी चुकार नोंद साऱ्या गाडीचा आकडा बिघडवते, म्हणून तो नियम घातला होता, आणि घालणारी प्रमिलाच होती. तिनं नियम काढला.

पार्सलच्या भागात त्या दिवशी पाच माणसं श्वास घेत होती. गाडी घाटात शिरल्यावर भयांक वर चढू लागला, आणि आलेखाची वरची कड ओलांडून गेला. प्रवाशांच्या डब्यात, सुरा निघाला तेव्हासुद्धा, एवढा आकडा तिनं कधी पाहिला नव्हता. मग अचानक दोन्ही वायू एकदम खाली आले. कुणीतरी बाहेरचं मोठं दार उघडलं होतं, आणि आतली हवा वाऱ्यानं धुऊन नेली होती. काही वेळानं दार लागलं. कार्बन डायऑक्साइड पुन्हा चढू लागला, पण आता सावकाश. चार माणसांच्या वेगानं.

तिनं हिशेब पुन्हा केला. डॉ. काझींना फोन लावून आकडे वाचून दाखवले. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावले.

“पेटी खोटं सांगत असेल का?” प्रमिलानं विचारलं.

“पाचवा माणूस श्वास घेत नव्हता, किंवा डब्यात नव्हता,” काझी म्हणाल्या. “तिसरं काही मला सुचत नाही.”

ड्यूटीवर मानकर, नागोसे, झाडे आणि सुमेध होते.

ती अधीक्षकांकडे गेली. त्यांनी आलेख पाहिला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “हवेवर गुन्हा दाखल करायचा का, खोब्रागडे? दरीत पाठवा कुणाला तरी. प्रेत सापडलं तर बोलू. आणि तुमचा सख्खा भाऊ आहे त्या पथकात, हे विसरू नका.” दरीत कोणी गेलं नाही. सुमेधनं फोन उचलला नाही.

चार दिवसांनी, भर दुपारी, प्रमिला कमरेला पिस्तूल लावून सावळघाटला गार्डाच्या केबिनमध्ये चढली. केबिन आणि पार्सलचा भाग यांच्यामध्ये एक सरकतं दार होतं. म्हातारा गार्ड तिच्याकडे न बघता म्हणाला, “मी त्या बाजूला पाहत नाही, मॅडम. रेडिओ लावून ठेवतो.” आणि त्यानं रेडिओचा आवाज वाढवला.

गाडी घाट चढू लागली. प्रमिलाच्या मोबाइलवर पेटीचे आकडे येत होते. पाच माणसं. भयांक वर, आणखी वर. मग एक मोठा खडखडाट झाला, आणि सरकत्या दाराच्या फटीतून वारा आत घुसला. आकडे कोसळले. तिनं दार उघडलं.

पार्सलच्या गोण्यांमध्ये नागोसे आणि झाडे उभे होते. झाडेच्या हातात पट्ट्याचा तुकडा होता, त्याला रक्त लागलं होतं. मोठं दार सताड उघडं होतं आणि बाहेर दरी पळत होती. दाराच्या चौकटीत पाय रोवून सुमेध वाकला होता. दोन्ही हातांनी त्यानं एका माणसाचा कमरपट्टा धरला होता, आणि तो माणूस कमरेपासून वर सगळा बाहेर लोंबत होता. त्याचं डोकं खांबांच्या ओळीपासून हातभर लांबून जात होतं. खांब जवळ आला की तो हंबरल्यासारखा आवाज काढत होता. त्याच्या नाकाचा चेंदामेंदा झाला होता.

मानकर एका पेटाऱ्यावर बसून चहा पीत होते.

“या मॅडम,” ते म्हणाले. “हा खरंच चोर आहे बरं का. खिशात चार मोबाइल सापडले. उरलेले कुठे आहेत ते आता सांगेल.”

“आत घ्या त्याला.”

“घेतो ना. सांगितलं की घेतो.”

“लखन काळेलाही आत घेणार होता का?”

मानकरांनी कप खाली ठेवला. त्यांचा आवाज चढला नाही. “तुम्ही आम्हाला काय सांगितलं होतं? प्रवाशांची भीती कमी करा. भीती अशी हवेत विरत नाही, मॅडम. ज्यांच्यामुळे लोक भितात, त्यांना भ्यायला लावावं लागतं. अठरा डब्यांतली उचलून आम्ही या एका डब्यात आणून ठेवली. आणि हा डबा मोजायचा नाही, हे तुम्हीच लिहून दिलं होतं.”

प्रमिला भावाकडे वळली. “सुमेध, ओढ त्याला आत.”

सुमेधनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

“धरून ठेव,” मानकर म्हणाले.

“सुमेध, मी सांगतेय. आत ओढ.”

सुमेधनं ओढलं. माणूस आत गोण्यांवर येऊन आपटला आणि खेकड्यासारखा सरपटत कोपऱ्यात गेला. मानकर उठले, झाडेच्या हातून पट्टा घेतला आणि बक्कलाच्या बाजूनं सुमेधच्या तोंडावर मारला. गाल फाटून दात दिसले. दुसरा फटका उचलला तेव्हा प्रमिला मधे गेली. मानकरांनी तिला ढकललं आणि ती दाराच्या लोखंडी कडेवर आदळली, अर्धी बाहेर. वाऱ्यानं तिचे केस तोंडावर आले. क्षणभर खाली फक्त दरी होती. नागोसेनं तिचा खांदा धरून आत खेचलं.

ती उठून उभी राहीपर्यंत सुमेधनं भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं काढलं होतं. पहिला घाव मानकरांच्या खांद्यावर बसला, दुसरा कानामागे. ते गुडघ्यांवर आले. त्यांनी एक हात वर केला. तो मारण्यासाठी नव्हता. सुमेधनं तिसरा घाव घातला, मग चौथा. मानकर पालथे पडले तरी तो थांबेना. नागोसे आणि झाडे भिंतीला चिकटून उभे होते. घावागणिक ओल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज येत होता, आणि दाराआड रेडिओवर बातम्या चालू होत्या.

प्रमिलानं पिस्तूल काढलं आणि भावावर रोखलं.

“खाली ठेव ते. सुमेध. मी गोळी घालीन.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं, तिच्या हाताकडे पाहिलं. तिचा हात थरथरत नव्हता; हे तिला पुढे कित्येक दिवस आठवत राहिलं. त्यानं नळकांडं सोडलं. ते उतारानं घरंगळत दाराबाहेर गेलं. सुमेध मानकरांच्या शेजारी बसला आणि आपला फाटलेला गाल हातानं दाबून धरला.

मानकर पिंपळदरा येण्याआधीच गेले.

“मॅडम, गाडीला झटका बसला, साहेब दारातून पडता पडता डोक्यावर आपटले,” नागोसे हळूच म्हणाला. “आम्ही दोघं तसंच सांगू. हा चोर काय बोलणार आहे? तुमच्या भावाचं आयुष्य आहे.”

कोपऱ्यातला माणूस तोंडातलं रक्त थुंकून म्हणाला, “मी पन तेच सांगतो. त्यानं वाचवलं मला.”

सगळे प्रमिलाकडे बघत होते. फक्त सुमेध बघत नव्हता.

पिंपळदऱ्याच्या फलाटावर नेहमीसारखी गर्दी होती. माणसं उतरून भजी घेत होती, एक बाई मुलीची वेणी घालत होती. प्रमिला भावाचा दंड धरून ठाण्यात शिरली आणि ठाणे अंमलदारासमोर उभी राहिली.

“दोन खुनांची फिर्याद द्यायची आहे,” ती म्हणाली. “पहिला लखन काळेचा. दुसरा निरीक्षक मानकर यांचा. दुसऱ्याचा आरोपी हा, सुमेध खोब्रागडे. पहिल्यातही तो आहे. फिर्यादी मी.”

लखनचं प्रेत, जे काही उरलं होतं ते, तिसऱ्या दिवशी दरीत सापडलं.

खटला उभा राहायला पावसाळा संपला. तोवर घाट पुन्हा पहिल्यासारखा झाला होता. पथक बरखास्त झालं आणि महिन्याभरात बोगद्यात लुटालूट सुरू झाली. एका निवृत्त मास्तरांनी बॅग सोडली नाही म्हणून त्यांचा गळा चिरला गेला. त्यांची मुलगी आढावा कक्षात आली, प्रमिला कोण ते विचारलं आणि सगळ्यांसमोर तिच्या थोबाडीत मारली. “मानकर असते तर माझे बाबा घरी आले असते,” ती म्हणाली. प्रमिलानं तिला हात लावू दिला नाही कुणाला. मुलीचं म्हणणं बहुधा खरं होतं.

तिनं आढाव्याची पद्धत बदलायला लावली. आता बैठकीत सरासरी शेवटी येते. आधी पडद्यावर येतो महिन्यातला सगळ्यांत मोठा भयांक, मग तो एकाच माणसाचा का असेना, आणि पेट्या आता ठाण्यांच्या कोठड्यांमध्येही आहेत. बैठकीत तिच्याशेजारची खुर्ची रिकामी असते.

सुमेधच्या वकिलाचं म्हणणं असं होतं की लखनचा कमरपट्टा सुमेधच्या हातात तुटला. शिपायानं वरिष्ठाचा हुकूम पाळला, मारायचा हेतू नव्हता. पट्टा सापडला नव्हता, त्यामुळे कोर्टाला ते पटण्यासारखं होतं. प्रमिलाच्या साक्षीच्या आदल्या आठवड्यात शेवंता तिच्याकडे आली.

“तुला तुझ्या भावाला भेटू देतात न? त्याला विचार. माझा माणूस शेवटी काय म्हनला.”

प्रमिलानं तिला सोबत नेलं. शेवंता तुरुंगाच्या फाटकाबाहेर निंबाखाली बसली. आत जाळीपलीकडे सुमेध आला. गालावरचा व्रण त्याचं तोंड एका बाजूला ओढत होता. प्रमिलानं शेवंताचा प्रश्न त्याला सांगितला.

तो जाळीला कपाळ टेकून उभा राहिला.

“‘दादा, घट्ट धरा,’” तो म्हणाला. “तेवढंच. मानकरांना नाही म्हणाला, मला म्हणाला. पट्टा माझ्या हातात होता न.”

“मग पट्टा तुटला.”

“नाही तुटला, ताई. साहेब म्हणाले, एक हात सोड, म्हणजे बोलेल. मी एक सोडला. तो एकदम हिसडला. मला वाटलं, आता मी पण जातो त्याच्यासंगं. मी दुसरा पण सोडला. सोडला मी.”

शिपायानं वेळ संपल्याची खूण केली.

“तू हे कोर्टात सांगशील, मला माहीत आहे,” सुमेध म्हणाला. “म्हणून तर तुला सांगितलं. माझ्या तोंडून निघत नाही.”

प्रमिला बाहेर आली. शेवंता उठून उभी राहिली. पट्टा तुटला एवढंच सांगावं, असं प्रमिलाला फाटकापासून निंबापर्यंत वाटत राहिलं. मग ती तिच्याजवळ गेली आणि जे ऐकलं ते सगळं, एकही शब्द न गाळता, सांगितलं.

शेवंतानं पदरानं तोंड पुसलं.

“म्हंजे त्याला वाटलं होतं, हा धरंल,” ती म्हणाली.

“हो.”

“कोर्टात सांगशील तू हे? सख्खा भाऊ हाय तुझा.”

“सांगेन.”

“मंग चल,” शेवंता म्हणाली, आणि दोघी रस्त्याला लागल्या.